मशीनवर शिवलेल्या पावत्या

कर सल्लागाराच्या कचेरीत मास्तर आपल्या नंबराची वाट बघत होते. शेजारी शिवणकाम करणारी एक बाई आणि तिची नणंद मांडीवर कागद पसरून बसल्या होत्या.

“वहिनी, पावत्या कोणी मशीनवर शिवतं का हो?”

“गेल्या वर्षी दोन हरवल्या, वन्सं. म्हटलं, यंदा एकही सुटता कामा नये.”

“म्हणून दुहेरी टीप? विम्याच्या पावतीचा नंबर नेमका टाक्यांखाली गेलाय!”

“आज शेवटची तारीख. विवरणपत्र राहिलं तर दुकानाचं कर्ज अडकेल माझं.”

“डोळे पुसा आधी. कात्री द्या इकडे, एकेक टाका उसवते.”

“तुम्ही होतात म्हणून. मी एकटी असते तर सगळं टराटरा फाडलं असतं.”

“हं, दिसायला लागला. आठ, शून्य, तीन... पुढचा काय?”

“सात,” मास्तर चष्मा सावरत वाकून म्हणाले. “आणि माझ्या आधी तुम्हीच आत जा.”

“देवासारखे भेटलात, काका!”

“वहिनी, पुढच्या वर्षी टाचणी लावायची. कळलं?”

“छे हो, पुन्हा शिवणार. एरवी तुम्ही माझ्याजवळ अशा तासभर बसता कधी?”