हरनांसाठी मेंढरं इकली

आमी धनगर. येवल्याच्या वरच्या अंगाला खडकाळ माळ हाय, बोरी-बाभळीचा, तिथला माझा जल्म. पाऊस आमच्याकडं वाट चुकल्यावानी येतो, त्यामुळं शेती नावाला, मेंढरं हीच इस्टेट. माळावर काळवीट लय, आन् काय सांगू तुम्हाला, माझ्या मेंढरांत मिसळून चरायची, मी काठी टेकून हुभा असलो तरी दहा हातांवर यायची. मला वाटायचं हरनं मला वळखतात. बाजारात, सोयऱ्यांत, जिथं तिथं मिरवायचो मी ते.

नव्वदच्या पुढची गोष्ट. उन्हाळ्यात हरनं पान्यापायी इहिरीत पडून मरायला लागली, माळावर गवताची काडी राहीना. तवा जंगल खात्याचे एक साहेब आले, भला मानूस, पारावर बसून म्हनले, चराई बंद करा, गवत वाढू द्या, पानवठे बांधू, पाव्हन्यांना जीपगाडीतनं हरनं दाखवू, तिकिटातला वाटा गावाला. मी त्यांना मेंढरांबरोबर माळात नेलं, हरनं जागची हालली नाय. साहेब म्हनले, दादा, तुम्हीच आमचे गाईड.

आता गाईडनंच मेंढरं ठेवली तर बाकीचे कशाला इकतील? म्हनून पयली माझी इकायची ठरली. बायको सखू, तिच्या बापानं लग्नात दिलेल्या मेंढ्यांचा वेल त्यात. ती म्हनाली, अवो, हरनं तुमच्यापायी नाय थांबत, मेंढरांपायी थांबतात, मेंढरं गेली की तुमी बी चार मानसांसारकेच. मी हसलो, म्हनलं तुला काय कळतं त्यातलं. कळप बाजाराला हाकला त्या दिवशी ती रिकाम्या जागेतल्या लेंड्या झाडत बसली, दिवस मावळंस्तोवर.

पयले पाव्हने नाशकातनं आले. खाकी शर्ट घालून मी त्यांना पायी घेऊन गेलो, हरनांनी मान वर केली, मला बघितलं आन् उधळली. वाटलं, शर्टामुळं. दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो, धोतर, घोंगडी, तीच काठी, मेंढरांना मारायचो तशाच हाळ्या मारल्या. तरी पळाली. माळावर हुभा राहून रडलो, खोटं कशाला सांगू. पन घरी येऊन काय म्हनलो, तर जवळ आली व्हती. सखूनं ताटात भाकर वाढली.

पुढं बरं झालं, नाय म्हनत नाय. गवत गुडघाभर झालं, पानवठे भरतात, हरनं वाढली, गाडीला सरावली. बाया पाव्हन्यांना भाकर-ठेचा करून घालतात, सखू बी करायची. पाव्हने तिला म्हनायचे, मावशी, तुमच्या मालकाला हरनं वळखतात म्हनं. ती भाकर थापत नुसतं हूं म्हनायची. चार मानसांत मला कधी खोटं पाडलं नाय तिनं.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. दवाखान्यात उशाशी बसलो व्हतो, सखू तुझं खरं व्हतं, एवढंच म्हनायचं व्हतं, तोंडाशी आलं व्हतं. तर तिनंच इचारलं, येतात का वो हरनं जवळ? मी म्हनलं, येतात.

आता काय. हरनं सुखात ऱ्हावी, गावाला भाकर मिळावी, माझं काय म्हननं नाय. मी अजून जातो पाव्हन्यांसंगं, सगळं दाखवतो, नर कोनता, मादी कोनती. गाडीतनं खाली मातर उतरत नाय.