रिकामा विभाग

एका दुष्काळातली गोष्ट. नांदेड आणि लातूर, दोन्ही ऑफिसांत आमचा एकेक सर्व्हर. त्यावर कर्मचाऱ्यांच्या लॉगिनची नावं विभागवार; एकीकडं केलेला बदल दुसरीकडं आपोआप जायचा. त्या दिवशी सकाळपासून दोन सर्व्हरमधली लाइन बंद होती. दुपारी ती सुरू झाली आणि लगेच लातूर ऑफिसातून शिवलिंगअप्पांचा फोन.

"टँकर भरून उभे हायेत. सकाळीच टंचाई विभागात नवी माणसं चढवली, आता एकाचंबी लॉगिन होईना, अन् त्याबिगर टँकरचा पास निघंना. काय केलं तुम्ही?"

मी आमच्या नांदेडच्या मॅडमकडं पाहिलं.

"तो विभाग मीच काढून टाकला सकाळी," त्या म्हणाल्या. "रिकामा होता."

"आपल्या सर्व्हरवर रिकामा होता, मॅडम."

घाईघाईनं शोधलं. विभाग गेला होता, पण सर्व्हरनं त्यातली माणसं पुसली नव्हती. बेवारस नावांच्या कप्प्यात ठेवली होती. विभाग पुन्हा केला, नावं आत टाकली आणि लातूरला पोचायची वाट पाहत बसलो. शेवटी फोनवर पलीकडून टँकर सुरू झाल्याचा आवाज आला.

मॅडमनी फोन घेतला. "लाइन बंद होती, अप्पा. तुमची माणसं आम्हाला दिसणार कशी?"

"अन् हा फोन, मॅडम? हा तर सकाळपासून चालूच हाय."