चौदाला तीन दिवस कमी

...नाही, असू दे तो कागद आरशाशेजारी — डोकं सरळ ठेवा ताई, रोलर घसरतोय — सह्यांचा आहे तो. दोनशे बारा झाल्यात. पहिली माझीच. वसाहतीचे वॉचमन, ते मा आडनावाचे आजोबा नाहीत का, तीस डिसेंबरला गच्चीवरच्या पोरांनी टाकलेली वीट आली आणि डोक्यात बसली त्यांच्या — अजून शुद्धीवर नाहीत म्हणे — त्याच संध्याकाळी लावला मी. चौदा वर्षं पूर्ण नसतील तर फौजदारी कोर्टच नाही, ही कुठली पद्धत? वय बारावर आणा म्हटलं. गुन्हा मोठ्यांसारखा, तर खटलाही मोठ्यांसारखा. अख्ख्या सुंचॉन शहरात असं कुणी बोललं नसेल. बायका अर्धे केस कापलेले असताना उठल्या आणि सह्या करून आल्या.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. कुणाकडे? माझ्याकडे. गच्चीवर तिघं होते, त्यातला एक माझा मुलगा, इआन. वीट कुणी टाकली? टाकली नाही हो — सुटली. त्याच्या हातून सुटली. शब्दाशब्दात किती फरक असतो, हे मला तेव्हा कळलं. मग त्या पोलिसाने कॉम्प्युटर पाहिला आणि म्हणाला, जन्म दोन जानेवारीचा, काल चौदाला तीन दिवस कमी होते. तीन दिवस! लेकरूच की ते. अंधारात बाथरूमला एकटं जात नाही अजून. अशा पोराला मोठ्यांच्या कोर्टात उभं करायचं म्हणणारी माणसं तरी कसली — हो, मीच लिहिलंय, माहितेय मला — पण लिहिताना मुलं म्हणजे लोकांची मुलं असतात ना, ताई.

कागद काढून का टाकत नाही? कसा काढू? काढला की विचारतील, का काढला.

आणि तो वाईट नाही हो. त्या विटेच्या आदल्याच दिवशी माझ्या हातचं वाढदिवसाचं शेवाळाचं सूप दोन वाट्या प्यायला, चौदा मेणबत्त्या एका फुंकरीत विझवल्या, मी म्हटलं सुद्धा, आता बाप्या झालास — काय? हो, एकोणतीसलाच. वाढदिवस एकोणतीसलाच करतो आम्ही, दोन जानेवारी नुसती कागदावर. तेव्हाची आपली कोरियन वयाची मोजणी ठाऊकच आहे तुम्हाला, जन्मताच एक, नवं वर्ष लागलं की दोन — चार दिवसांचं पोर दोन वर्षांचं! वर्षभर आधी शाळेत गेला असता, वर्गात सगळ्यात बुटका राहिला असता. बेटावर झाला तो, माझ्या आईच्या घरी, सुईणीच्या हातून. जन्मनोंदीवर दोन शेजाऱ्यांनी सह्या केल्या, तारीख चार दिवस पुढे. दोन सह्या, बस. कुणाचं काय गेलं त्यात?

अशा वळून काय बघताय माझ्याकडे? काही बोलले का मी?

पेन? ते काय, दोरीला बांधलंय. करताय सही? करा, करा, मी कोण अडवणार — दोनशे तेरावी. थांबा, चष्मा कुठे गेला — मा. मा सन-ओक. मा आडनावाचे तर आमच्याकडे एकच, ते वॉचमन —

अहो, कुठे निघालात? ताई, रोलर आहेत अजून डोक्यात. ताई —