माझाच धक्का लागला

औषधांच्या खिडकीपुढे लांब रांग होती. माझ्या पुढे दोन बहिणी उभ्या होत्या.

"ताई, तुझ्या बाहीवर काय सांडलंय हे?"

"सूप. बाबांना भरवत होते."

"पुन्हा सूपच? तुझ्या पहिल्या पगाराला आपण तिघं त्या भारी हॉटेलात गेलो होतो, आठवतं?"

"न आठवायला काय झालं! अख्खा वाडगा शेजारच्या बाईंच्या अंगावर. सगळं हॉटेल माझ्याकडे बघत होतं. तोंड कुठे लपवू असं झालं होतं मला."

"आणि बाबा ताडकन उठून म्हणाले, 'माफ करा, माझाच धक्का लागला.' बसले होते पार टेबलाच्या दुसऱ्या टोकाला!"

"त्या बाई वाट्टेल ते बोलल्या गं त्यांना. हे आपले मान खाली घालून ऐकत उभे."

"आज त्यांच्या हातून सांडलं का?"

"नाही, माझ्याच. सगळ्या चादरीवर. मला एकदम रडूच फुटलं."

"मग? आज तरी ओळखलं का तुला?"

"माझे डोळे पुसले त्यांनी. म्हणाले, 'रडू नकोस, बाळा. तुझे बाबा तुला न्यायला आले की मी सांगतो त्यांना, माझाच धक्का लागला म्हणून.'"