राबाचा जाब

मास्तर : ...वर्तमानपत्राचं पान उलटून पाहिलं, बायजाबाई, तरी तेच. लाटसाहेबांचं कौन्सिल उठलं. आपला कोयत्याचा प्रश्न राहिला.

बायजा : उठलं म्हंजी? कुटं गेलं?

मास्तर : मुंबईची बैठक संपली. वेळ पुरला नाही म्हणे. आता पुढची बैठक पुण्यास, श्रावणात.

बायजा : सरावनात! आवो, शिमगा तोंडावर आला. ऐनाच्या फांद्या आत्ता तोडायच्या, वाळवायच्या, वैशाखात रोपाच्या जागंवर त्यो राब जाळायचा. तवा कुटं भात पेरायचं. राब उन्हात आन् जाब पावसात? कुनी काडला ह्यो मुहूर्त?

मास्तर : सरकारनंच. उत्तर ज्यानं द्यायचं, तारीखही त्याच्याच हाती. मला लाज वाटते हो. अर्ज मी लिहिला. कौन्सिलच्या सभासदसाहेबांच्या हाती मी दिला. गावभर सांगत सुटलो, नवा कायदा झालाय, आता सरकारला विचारता येतं...

बायजा : थांबा जरा. कौलशिळंनं 'नाय' म्हटलं का?

मास्तर : कौन्सिल, बायजाबाई. कौन्सिल.

बायजा : त्येच की. आमी बी देवीच्या शिळंला फूल लावून कौल मागतो. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाय. तुमच्या शिळंवरचं पडलं का?

मास्तर : नाही. श्रावणापर्यंत चिकटलेलंच म्हणायचं.

बायजा : अगं बया! मंग हसा की, मास्तर!

मास्तर : यात हसण्यासारखं काय आहे?

बायजा : कौल लावला की तो पडंस्तोवर जुनी वहिवाट मोडायची नाय. आजेसासऱ्याच्या बापापासनं रीत हाय. आन् राब तोडनं हीच आमची वहिवाट! पदू! ए पदू! पळतुस कुटं? हिकडं ये!

पदू : काय गं आत्या. मी डूटीवर हाय.

बायजा : मास्तर, ह्यो माज्या माहेरचा. जंगलशिपाई झाला आन् राब तोडताना पयला कोयता आत्याचाच जप्त केला. ह्याला अर्ज वाचून दावा.

मास्तर : 'कोंडाणे येथील एका शेतकरी बाईचा कोयता कोणत्या लेखी हुकमाने जप्त झाला, हे सरकार सांगेल काय?'

पदू : सांगल की सरकार. मला काय त्याचं?

मास्तर : सरकार कलेक्टरांना विचारील. कलेक्टर मामलेदारांना...

बायजा : मामलेदार तुज्या सायबाला...

पदू : आन् सायब?

बायजा : सायब तुला! तू कुनाला इचारशील रं? माकडाला?

पदू : हसू नको, आत्या. लेखी नाय गं काय. सायब घोड्यावरनं नुसतं 'उचल' म्हनला. म्या कोयता उचलला. आता आठवतंय... तवा त्याची टोपी खाली पडली व्हती.

मास्तर : म्हणजे सरकारनं टोपी...

बायजा : अगं बाई गं, माजं पोट! टोपी पडली आन् कोयता गेला! मास्तर, ह्ये बी लिवा!

पदू : नका वो मास्तर, पाया पडतो!

मास्तर : घाबरू नकोस. सभासदाला एकदाच विचारता येतं. उत्तर आलं की त्यावर पुन्हा प्रश्न नाही.

बायजा : एकदाच? सरकारला बायको नाय वाटतं.

पदू : पर सरावनात कोयता माज्यापाशी घावला तर?

बायजा : म्हनून आत्ताच दे की. कमरंला कशाला मिरवतुस?

पदू : ठेवायला जागा नाय म्हून. ह्यो घे बाई. तुजी पीडा तुला.

मास्तर : बायजाबाई, हसता हसता एक ध्यानात असू द्या. जंगलात राब तोडायला सरकारनं परवानगी दिलेली नाही.

बायजा : नाय बी म्हटलेलं नाय. सरावन लांब हाय, मास्तर. तवर माजं रोप गुडघ्याला लागंल.

पदू : मी दोन दिस वर लेण्यांकडं गस्त घालीन. हिकडचं मला काय दिसनार नाय.

बायजा : शाना माजा भाचा. जा आता. का उभा?

पदू : आत्या...

बायजा : बोल की.

पदू : तुजं तोडून झालं की कोयता मला देशील? माज्या आईचा बी राब ऱ्हायलाय.