मास्टर पासवर्डचा ठराव

तुम्ही पासवर्डचं काय सांगताय, आमच्या शांती नगरच्या सोसायटीचं ऐका! बँक, कॅमेरे, लाइट बिल, सगळे पासवर्ड सेक्रेटरी शहाकाकांच्या डायरीत. म्हणून मी आठवडाभर एक साधं अ‍ॅप वापरून बघितलं. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये, फाइल आपल्याच क्लाउडवर, लक्षात ठेवायचा फक्त एक मास्टर पासवर्ड. कमिटीला म्हटलं, "झकास आहे, घेऊन टाका."

शहाकाका म्हणाले, "मास्टर पासवर्ड एकट्याने ठरवायचा नाय. मीटिंगमध्ये ठराव करू."

ठराव एकमताने पास झाला. आणि नियमाप्रमाणे मीटिंगचे मिनिट्स लिफ्टजवळच्या नोटीस बोर्डावर लागले, पासवर्डसकट!

मी धावत खाली गेलो, तर वॉचमन वाचत उभा. म्हणाला, "साहब, बहुत कच्चा पासवर्ड है. दो-चार नंबर डालते, तो कोई पकड़ नहीं पाता."