सारखा उजेड

घाटनांदूरहून अंबाजोगाईला निघालेल्या एसटीत सुनिताच्या मागच्या सीटवर एक बाई नवऱ्यावर कुरकुरली.

"अप्पा, फळी सरळ धरा की. बल्ब बरगडीत रुततोय."

"धरतो. पण नीलम्मा, आपल्या रेडिओ ट्रान्समीटरची पावर घरीच मोजली बघ. एक बल्ब त्याच्यावर, दुसरा बॅटरीवर. दोन्हीचा उजेड सारखा केला अन् बॅटरीकडचं मीटर वाचलं. पुरे पाच वॅट."

"परवा तीन म्हणत होता."

"परवा उजेड जुळला नव्हता."

"त्याच्या आदी आठ."

"आता कॉलेजातल्या सोमेश्वर सरांच्या मीटरवर तपासू. पाचच निघतील."

"आदी दवाखाना, मग सर."

"दवाखाना कावून? मी ठणठणीत हाय."

सुनिताने खिडकीबाहेर बघत कान मागे लावले.

"उजेड जुळला, हे ठरवलं कुणी?"

"तूच म्हणालीस की."

"मी चुलीकडं तोंड करून हो म्हणले. तुमी लई खुशीत होता. पण फळी तुमच्या म्होरं होती, अप्पा. मला कावून इचारलं?"

बल्ब एकमेकांवर किणकिणले.

"मला दोन्ही बल्ब नुसते धुरकट दिसतात, नीलम्मा. दिवाळीपासून."